स्लायडरपंत

शनिवारी रात्री जेवणं आटोपली, की स्लायडरपंत न्यू जर्सीतल्या आपल्या घराच्या बेसमेंटमध्ये उतरतात, टीव्हीवर ‘एनबीए टूके’ हा बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम सुरू करतात आणि तंबोरा लावावा तसा गेम लावायला बसतात. मैफल मात्र सुरू होत नाही.

रूकीपासून हॉल ऑफ फेमपर्यंत या गेमला सोप्या-कठीण पायऱ्या आहेत. तुमच्याआमच्यासारखा माणूस आपली कुवत ओळखून एक पायरी धरतो आणि खेळायला लागतो. पंतांना असलं तयार काही चालत नाही. ते थेट स्लायडरच्या, म्हणजे पट्ट्यांच्या पानावर जातात. शून्यापासून शंभरपर्यंत सरकणाऱ्या पट्ट्याच पट्ट्या: थ्री-पॉइंटरचं यश, पासची अचूकता, थकवा, फाउल. बऱ्याचशा पट्ट्या दोनदा, एकदा तुमच्यासाठी आणि एकदा मशीनसाठी. एवढं नियंत्रण पंतांना ना ऑफिसात आहे, ना घरात.

त्यांचा आग्रह एकच: ‘रिअल वाटलं पाहिजे.’ एनबीएचा क्वार्टर १२ मिनिटांचा, म्हणून यांचाही बाराचाच. मग स्कोअर दीडशेच्या पुढे पळतो, म्हणून गेमचा वेग कमी. आता खेळाडू पाय ओढत चालतात, म्हणून थकवा कमी. थकवा कमी केल्यावर बाकावरच्यांना उठायचं कारणच उरत नाही. मशीन फाउल करत नाही अशी तक्रार होती, म्हणून ती पट्टी वर सरकवली. तर रेफ्रीची शिट्टी थांबेना. ‘याला कुणीतरी खाऊ घातलंय,’ पंत म्हणाले.

वरून बायकोची हाक येते, ‘अरे, जिंकलास का?’

‘अगं, अजून टेस्टिंग चाललंय!’

मशीन लबाडी करतं, अशी पंतांची पक्की खात्री आहे, आणि हा संशय अगदीच बिनबुडाचा नाही. १९९३च्या ‘एनबीए जॅम’चा प्रोग्रामर मार्क टर्मेल हा डेट्रॉइट पिस्टन्सचा चाहता. पिस्टन्सशी सामना चुरशीचा झाला, तर शेवटच्या क्षणी शिकागो बुल्सचे शॉट हुकावेत, अशी सोय त्याने गुपचूप करून ठेवली होती. हे त्याने स्वतःच पुढे सांगून टाकलं. पंत हा किस्सा प्रत्येक पराभवानंतर ऐकवतात, आणि त्यामुळे तो आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

गंमत आकड्यांची आहे. स्टेफन करी हा थ्री-पॉइंटरचा बादशहा. त्याची कारकिर्दीची सरासरी ४२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त शॉट तोही चुकवतो. पण पंतांच्या करीचे ओळीने तीन शॉट हुकले, की गेम थांबतो आणि ४८ची पट्टी ५३वर जाते. ‘करी असा चुकतो का कधी?’ तेच जुन्या लेकर्सकडून मशीनचा शकील ओनील फ्री थ्रो हुकवू दे, पंत मांडीवर थाप मारतात: ‘वा! काय अस्सल केलंय!’ ओनीलची सरासरी ५३ टक्केही नव्हती, हे त्यांना दशांशासकट माहीत असतं. आकडे पाठ आहेत हो, फक्त आपल्या संघाला लावायचे नसतात. पंतांना हवं असलेलं वास्तव म्हणजे शेवटच्या सेकंदापर्यंत बरोबरी आणि मग विजय पंतांचा.

त्यांचा दहा वर्षांचा मुलगा रूकीवर खेळतो, मध्यरेषेवरूनच बॉल भिरकावतो, पन्नासच्या फरकाने जिंकतो आणि झोपायला जातो. त्याला पंत ‘अनरिअलिस्टिक’ म्हणतात. पंतांचा स्वतःचा ८२ सामन्यांचा सीझन अजून ऑक्टोबरातच अडकला आहे.

पट्ट्या एकदाच्या जवळपास जमत आल्या, की सप्टेंबर उजाडतो. गेमची नवी आवृत्ती येते आणि जुने आकडे तिला लागू पडत नाहीत.