आमण्याला कोण राहतं हो?

मुंबई-नागपूर आता आठ तासांत, हे आपल्याला सांगून सांगून पाठ झालंय. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा महामार्ग पुरा झाला. दोन्ही शहरांच्या विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ६८० किलोमीटर. रस्ताही बऱ्यापैकी सरळच गेलाय. अभियंत्यांना शंभर पैकी शंभर. इगतपुरीचा आठेक किलोमीटरचा बोगदा आला की मागच्या सीटवरची पोरंसुद्धा मोबाइलमधून मान वर काढतात.

फक्त ते आठ तास नागपूरकडचं शिवमडका ते आमणे असे आहेत. आमणे भिवंडी तालुक्यात. नागपूरहून खास आमण्याला निघालेला माणूस मला अजून भेटायचाय. बाकीच्यांना पुढे वडपे, मानकोली, खारेगाव, माजिवडा. १२० च्या वेगाला सरावलेला पाय इथे ब्रेकवर येतो तो उठतच नाही. पुढे गोदामाकडे वळू बघणारा कंटेनर, बाजूला त्याच्या पोटाखाली शिरू पाहणारी रिक्षा. अख्खा वाशिम जिल्हा जेवढ्या वेळात संपला, तेवढ्या वेळात इथे खाडीचा पूलही येत नाही.

मग विमानाने जा की! दीड तास. पण या दीड तासातही गोम आहे. तिकिटावरची वेळ हवेतली नसते, एका विमानतळावरून हललं की दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतची असते. मुंबईत धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकच चालते. रांग आणि घिरट्या वेळापत्रकात आधीच धरलेल्या. एखाद दिवशी रांग नसली की विमान ‘वेळेआधी’ पोहोचतं आणि तशी घोषणाही होते. अभिनंदन कुणाचं करायचं, ते सांगत नाहीत.

आता डोंबिवलीकराचा दीड तास बघा. बॅगेचा काउंटर तासभर आधी बंद, म्हणून विमानतळावर दोन तास आधी, म्हणून घरातून चार तास आधी, म्हणून पहाटे अडीचचा गजर. नागपूरकराचं बरं असतं, सोनेगाव घरापासून हाकेवर. तो चहा पिऊन निघतो.

राहता राहिली दुरांतो. वाट सगळ्यांत लांबची, ८३७ किलोमीटर. पण बिचारी खरोखर शहरातून शहरात नेते. रात्री सीएसएमटीला बसा, सकाळी नागपुरात उतरा, मधले तास झोपेच्या खात्यात. अट एकच, तिकीट कन्फर्म हवं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सुट्ट्यांच्या दिवसांत त्याच सकाळी संपतं. तेव्हा दिवाळीला नागपूर गाठायचं तर प्रवासाला वेळ किती? साधारण दोन महिने.