डाव्या पायाची श्रीमंती: मीरा-भाईंदरकरांसाठी मार्गदर्शिका

मीरा रोडच्या ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिक गाडी ही गरज आहे. ज्यांना गरज भागवायची आहे, त्यांनी पुढे वाचू नये. हाताने गियर टाकायची जुनी आलिशान सेडान घ्यायचीच असे ज्यांचे ठरले आहे, त्यांच्यासाठी हे नियम.

१. कूळ पाहावे. 1995 पासून पुण्यात जुळणी झालेली मर्सिडीज ई-क्लास घ्या, नाहीतर औरंगाबादची पहिल्या पिढीतली स्कोडा ऑक्टाविया. त्यातही आरएस मिळाली, तर कुलदैवताला नारळ फोडावा: 1.8 लिटरचे टर्बो इंजिन, 150 हॉर्सपॉवर आणि गियर पाच.

२. घरी सांगताना किंमत गाडी नवी असतानाची सांगावी. आरसीवरची तारीख अंगठ्याखाली राहू द्यावी. 15 वर्षे उलटली असतील, तर फिटनेस, नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर हे शब्द दिवाळीच्या आसपास उच्चारू नयेत.

३. गियरचा भूगोल पाठ करावा. पहिला गोल्डन नेस्ट सर्कलला. दुसरा काशिमीऱ्याला, नशीब असेल तर. तिसरा उत्तनच्या रस्त्यावर, सकाळी सहाच्या आत. चौथा वर्सोव्याचा खाडीपूल ओलांडल्यावर. पाचवा म्हणजे मुदत ठेव. मोडायची नसते, आहे एवढे माहीत असले की झोप लागते.

४. परीक्षा भाईंदरच्या उड्डाणपुलावर द्यावी. पुढे टेम्पो, मागे रिक्षा, तिच्यात आणि आपल्या डिकीत वीतभर जागा. हँडब्रेक ओढलेला. क्लच हळूहळू सोडत यावे. इंजिनाचा आवाज जाड झाला, बोनेटने किंचित मान उचलली, की पाय तिथेच धरावा, थोडा ॲक्सिलरेटर द्यावा आणि मग हँडब्रेक सोडावा. गाडी तसूभरही मागे न येता वर सरकली आणि रिक्षावाल्याचा हॉर्न थांबला, तर ती पदवी समजावी. हाफ क्लचवर मात्र ताटकळू नये. क्लच प्लेट जळल्याच्या वासाचे खापर वाळत घातलेल्या बोंबलांवर फोडता येते, पण फक्त उत्तनमध्ये.

५. ऑक्टावियाचा रिव्हर्स कसा पडतो, हे कोणाला सांगू नये. दांडी आधी खाली दाबायची, मग पहिल्या गियरच्याही डावीकडे न्यायची. किल्ली हातात असूनही वॉचमन ती दांडी पाच मिनिटे नुसती हलवत बसतो. चोरीवर याहून स्वस्त उपाय नाही.

६. कोणी कारण विचारलेच, तर खरे सांगून टाकावे. सनरूफ आणि मोठा स्क्रीन आता शेजाऱ्याच्या छोट्या गाडीतही आला. घरात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपल्यावाचून कोणाचे अडत नाही. या गाडीचे मात्र प्रत्येक सिग्नलला अडते.

शेवटची सूचना: गाडी रविवारी सकाळी बघायला जाऊ नका. शुक्रवारी संध्याकाळी सातला घोडबंदर रोडला काढा. गायमुखचा घाट चढून-उतरून आल्यावर डावा गुडघा बोलत असेल आणि तुम्ही तरीही हसत असाल, तर विसार द्या.