मैलापुरात पहिली नोकरी: उमेदवार सिस्टरसाठी विधिवत मार्गदर्शन

मिरजेत किंवा सोलापुरात जीएनएमची तीन वर्षे काढून, लग्नाने म्हणा वा मैत्रिणीच्या भरवशावर म्हणा, चेन्नईत येऊन पडलेल्या मुलींसाठी हे मार्गदर्शन आहे. इतरांनीही वाचायला हरकत नाही. पुढेमागे ॲडमिट व्हावे लागतेच.

सर्वप्रथम अनुभव मिळवावा. पहिल्या नोकरीसाठी दोन वर्षांचा अनुभव लागतो, हे शास्त्र आहे. ते कसे जमवायचे हे शास्त्रात नाही. तेव्हा 'फ्रेशर' हा शब्द तोंडातून काढू नये. कॉलेजला फी भरून वॉर्डात जे राबलात ते सगळे अर्जात लिहावे: सलाईन लावले, कॅथेटर घातले, लेबर रूममध्ये रात्री काढल्या. सीनियर स्टाफ चहाला गेल्यावर अख्खा वॉर्ड सांभाळला, हे लिहू नये. ते मेट्रनला चेहऱ्यावरून कळते. तीही कधीतरी चहाला गेलेली असते.

मग नोंदणी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नंबरावर इथे भागत नाही. ताप तोच, इंजेक्शन तेच, पण आपला कायदा १९६६चा आणि मद्रासचा १९२६चा. थोरल्याच्या पाया वेगळे पडावे लागते. सुदैवाने तामिळनाडू नर्सेस अँड मिडवाइव्ह्ज कौन्सिलचे कार्यालय मैलापुरातच, सांथोम हाय रोडवर आहे. कपालीश्वराच्या देवळाकडून चालत जाता येते. तुम्ही चालत पोहोचाल. ना-हरकत मात्र मुंबईहून यायची असते आणि ती आपल्या चालीने येते. तोवर देवळात बसावे. पार्वतीने मोराच्या रूपात इथेच तप केले, अशी कथा आहे. तिला तर नोंदणीही करायची नव्हती.

तमिळ येत नाही म्हणून खचू नये. मैलापूरचे आजोबा सकाळी 'हिंदू' वाचतात आणि तुमच्या इंग्रजीतल्या चुका काढतात, तेवढ्यात त्यांचे बीपी घेऊन व्हावे. आजीबाईंसाठी 'एंगे वलिक्कुदु?', म्हणजे कुठे दुखते, एवढे पाठ करावे. उत्तर लांबलचक येते. ते न कळले तरी चालेल, बोट कुठे टेकले आहे ते पाहावे. त्यांचा मुलगा बहुधा अमेरिकेत असतो. त्याच्याकडे दिवस असतो तेव्हा तुमची नाईट असते, आणि सोडियम किती आले हे त्याला तेव्हाच हवे असते. त्या फोनचा पगार वेगळा मिळत नाही.

'अपेक्षा किती?' या प्रश्नाला घसा साफ करावा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सुचवले, की २००हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सला सरकारी नर्सइतका पगार असावा, आणि ५०पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २०,०००च्या खाली नसावा. मैलापूरच्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये ५० खाटा मावत नाहीत, म्हणजे तुमचा आकडा कुठला हे उघड आहे. अडचण इतकीच की शिफारस ही शिफारस असते. ती राज्यांनी अमलात आणायची. केरळच्या नर्सेसनी २०१७ मध्ये संप केला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी तिथल्या सरकारने किमान २०,००० जाहीर केले. हा इतिहास मुलाखतीत आपण काढू नये. शेजारच्या खुर्चीवर कोट्टायमची मुलगी बसलेली असते, ती काढते.

मूळ प्रमाणपत्रे 'सुरक्षित राहावीत म्हणून' आमच्या कपाटात ठेवू, असे मॅनेजर म्हणतील. झेरॉक्स द्यावी, आणि आमच्या घरीही कपाट आहे असे नम्रपणे सांगावे. बाँडचा कागद पुढे आला तर तो घरी नेऊन वाचावा. घरी नेऊ देत नसतील, तर न वाचताच कळले असे समजावे.

निवड झाल्याचे पत्र येईल म्हणून वाट पाहू नये. 'आज नाईटला येता का?' असे विचारले, की निवड झाली. म्हणून मुलाखतीला जाताना फाईलबरोबर डबाही घ्यावा.