चाळीस कोळंब्यांचा ताळेबंद

कोळंबीचे डोळे रात्री बॅटरीच्या उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात. त्यामुळे बादलीतल्या कोळंब्या अंधारात मोजायच्या असतील तर डोळे मोजावेत आणि दोनाने भागावं. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला ही पद्धत फार आवडते, कारण तिच्यात भागाकार आहे. अडचण एवढीच, की कोळंबी आडवी वळली की तिचा एकच डोळा दिसतो आणि उत्तर साडेसदतीस येतं.

साडेसदतीस हा आकडा मी रेवदंड्याच्या खाडीत, धक्क्याला बांधलेल्या होडीत, संध्याकाळी साडेसात वाजता वहीत लिहिला. हो, वही नेली होती. जाकिटाच्या अकराव्या खिशात होती. या जाकिटाला २२ खिसे आहेत. फोटोतले परदेशी गळवाले असलंच जाकीट घालून, हातात माणसाएवढा मासा धरून हसत असतात. त्यातलं जाकीट विकत मिळतं म्हणून मी ते घेतलं. घालून आलो तेव्हा होडीचा नाखवा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, प्रभाव पडला. मग त्याने विचारलं, "साहेब, तुमी लायटीचं काम करता का?"

जिताडा मासा धरायला गेलो होतो. नाखव्याचा सिद्धांत साधा आहे : जिताड्याला जितं लागतं. मेलेली कोळंबी गळाला लावली तर जिताडा तिच्याकडे ढुंकून बघत नाही, ती शिंगाळा खातो. शिंगाळा काहीही खातो. तेव्हा संध्याकाळी पाग टाकून धरलेली कोळंबी पहाटेच्या भरतीपर्यंत जिवंत, नुसती जिवंत नव्हे तर उड्या मारण्याइतकी जिवंत ठेवायची, एवढंच काम होतं. चैत्र वद्य षष्ठी होती. मी भरतीची वेळ फोनवर शोधत असताना नाखव्याने "सहाची पाऊनपट, सारेचार" म्हणून सांगूनही टाकलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. फोनचं उत्तरही जवळपास तेवढंच आलं, फक्त दोन जाहिरातींनंतर.

नाखव्याने चाळीस कोळंब्या धरून दिल्या. मी त्या मोजून घेतल्या, मोजून पैसे दिले आणि वीस लिटरच्या बादलीत सोडल्या. नाखवा म्हणाला, "अर्दी पान्यान सोरा, साहेब. र्‍हातील ती जगतील."

आता, पैसे दिलेली वस्तू पाण्यात सोडा असं कोणी मला सांगितलं की माझ्यातला शाखाधिकारी उठून बसतो. शिवाय मी वाचून आलो होतो. नाखव्याला मी होडीच्या काठावर बसवून समजावून सांगितलं, की तीस अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे जेमतेम सहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. म्हणजे बादलीत १२०. चाळीस जणींत वाटला तर प्रत्येकी तीन मिलिग्रॅमची ठेव. ती त्या खर्च करत जाणार. पण माझा हा बॅटरीवरचा पंप बुडबुडे सोडून वरून सतत भरणा करत राहणार. पाणी थंड राहिलं की त्यात प्राणवायूही जास्त मावतो आणि कोळंबीची भूकही मंदावते, म्हणून खानावळीतून बर्फ झालेली पाण्याची बंद बाटली आणली आहे. बर्फ थेट टाकायचा नाही, टाकला तर पाणी गोडं होतं. नाखव्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग "बरा हाय" म्हणाला, स्वतःच्या दहा कोळंब्या झाकणाच्या बांबूच्या टोपलीत घातल्या आणि छोटी होडी वल्हवत खाडीच्या मध्यावर निघून गेला. मला वाटलं, बिडी प्यायला गेला.

पंप चालू झाला. बुडबुड, बुडबुड. मी त्याचं चित्रीकरण करून इमारतीच्या गटावर टाकलं आणि खाली लिहिलं, 'उद्या जिताडा. कोकम आणून ठेवा.' सहा जणांनी अंगठे दाखवले.

साडेसातच्या साडेसदतीसनंतर मी हात घालून रीतसर मोजणी केली. अडतीस. दोन कमी. ज्याने कधी काउंटरवर रोकड सांभाळली आहे त्यालाच कळेल, दोन कमी म्हणजे काय. कोळंबी शेपटी आपटून मागच्या बाजूला उडी मारते. म्हणजे ती तुमच्याकडे तोंड करून पळते आणि आपण पुढे शोधत बसतो. एक माझ्या बुटात सापडली. दुसरी सापडली नाही. फळ्यांखाली पाहिलं, दोराच्या वेटोळ्यात पाहिलं, नाखव्याच्या जेवणाच्या डब्यातही पाहिलं. वहीत लिहिलं : ३९, तूट १.

नऊ वाजता पुन्हा मोजल्या. मेलेल्या सहा निघाल्या. पाणी झपकन गार केलं की तेही कोळंबीला सोसत नाही, हे मी वाचलं होतं. पण पुढच्या परिच्छेदात असल्यामुळे विसरलो होतो. जिवंत चौतीस. चौतीस आणि सहा चाळीस! ताळा लागला. पाच-सहा जीव गेल्याचं दुःख व्हायच्या जागी मला जो आनंद झाला, तो बँकवाल्यांशिवाय कोणाला सांगू नये. तेवढ्यात परत आलेल्या नाखव्याने मेलेल्यांतली एक बोटात धरली, उजेडासमोर नेली. आरपार दिसत होतं. डोकं, मिशा, पायांच्या बारीक काड्या, सगळं जागच्या जागी. आत कोणी नव्हतं. "ही मेली नाय. हिनं कात टाकली," म्हणाला. मग बादलीत हात घालून नेमकी तीच शोधून काढली, ओल्या कागदासारखी मऊ झालेली, आणि होडीच्या कडेला उरलेल्या वीतभर पाण्यात सोडून दिली. नाहीतर बाकीच्यांनी तिला रात्रीत खाल्ली असती. वहीत लिहिलं : ३३, मृत ५, निर्लेखित १, तूट १ कायम.

आता थोडं विषयांतर करतो. याच किनाऱ्यावर, त्या वेळच्या चौलच्या बंदरात, १४६९ च्या सुमारास एक रशियन व्यापारी उतरला. अफानासी निकितिन. व्होल्गाकाठच्या त्वेरचा. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, त्याच्यावर १९५७ साली 'परदेसी' नावाचा चित्रपटही निघाला, नर्गिस आणि बलराज साहनी यांचा. लोकांना निकितिन आठवतो तो वास्को द गामाच्या आधी आला म्हणून. मला त्या रात्री तो आठवला वेगळ्याच कारणाने. हा गृहस्थ होर्मुझहून येताना बरोबर एक जिवंत घोडा घेऊन आला होता.

जरा विचार करा. सहा आठवडे समुद्रात. शंभर रुबलला पडलेला घोडा. इकडे घोडे होत नाहीत, चांगला भाव येईल, या हिशेबाने. त्या जहाजाला तो 'तवा' म्हणतो. तव्यावर घोडा, ही कल्पना मला रात्री नऊला विलक्षण वाटली. सहा आठवडे त्या घोड्याला गोडं पाणी लागलं असेल, वैरण लागली असेल, पाय मोडून न घेता उभं राहायला जागा लागली असेल. निकितिनकडे पंप नव्हता, थर्मामीटर नव्हता, जाकीट असेल पण खिसे बेताचेच असणार. आणि घोडा जिवंत उतरला! पुढे जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला, एका भल्या खुरासानी माणसाच्या रदबदलीने परत मिळाला, शेवटी बीदरला विकला गेला. निकितिनने लिहून ठेवलं आहे, की या देशात घोड्यांना हरभरे घालतात, शिवाय साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी खायला देतात. म्हणजे त्या काळी मुक्कामाला घोडा असणं हे माझ्या खानावळीत असण्यापेक्षा बरं होतं. बिचारा परत जाताना घरी पोचायच्या आधीच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. घोड्याचं पुढे काय झालं ते कोणी लिहिलेलं नाही. सगळे इतिहासकार माणसाच्या मागे.

हे सगळं मी नाखव्याला सांगितलं. पार खिचडीपर्यंत. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "सा हप्ते घोऱ्याची लीद कोन काढायचा?"

पाचशे-साडेपाचशे वर्षांत हा प्रश्न कोणत्या अभ्यासकाला सुचला असेल असं मला वाटत नाही. आणि जिवंत प्राणी बोटीवर सांभाळण्याचं खरं गमक त्यातच आहे. कोळंबी अन्नावाचून रात्र काढते. ती मरते ती स्वतःच्याच घाणीने. कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, मेलेली एक तशीच राहिली की पाणी आणखी नासतं. पंप हवा भरतो, घाण काढत नाही. हे माझ्या व्याख्यानात नव्हतं.

अकराच्या सुमारास मी खडबडून जागा झालो. बुडबुड थांबली होती.

वडील गेले, त्याआधीच्या नऊ रात्री मी त्यांच्या खाटेशेजारी बाकड्यावर काढल्या होत्या. भिंतीतून येणारा ऑक्सिजन पाण्याच्या एका छोट्या बाटलीतून बुडबुडत त्यांच्या नाकापर्यंत जायचा. पहिल्या रात्री त्या आवाजाने झोप लागेना. तिसऱ्या रात्रीपासून तो नसला तर लागेना. बाटलीत पाणी भरायला सिस्टर नळी काढायच्या, तेवढ्या अर्ध्या मिनिटात मी उठून बसलेला असायचो. वडील डोळे न उघडता म्हणायचे, "झोप रे, चालू होईल." चालू व्हायचं. शेवटच्या रात्री कोणीतरी ते हळूच बंद केलं, तेव्हाही मी लगेच उठून बसलो, आणि वडील काही म्हणाले नाहीत.

कोळंबीच्या बादलीपाशी त्यांची आठवण यावी हे मला बरं वाटलं नाही. मी उठलो, सेल काढून चोळले, पुन्हा घातले. पंपाने दोन बुडबुडे सोडले आणि मान टाकली. शेवटी हातात मग घेतला आणि खाडीचं ताजं पाणी काढायला काठावरून वाकलो.

खाडी नव्हती. साडेचारची भरती म्हणजे पावणेअकराची ओहोटी. एवढी वजाबाकी शाखाधिकाऱ्याला यायला हरकत नव्हती. खाली नुसता काळा चिखल होता आणि होडी एका कुशीवर कलली होती. पाण्याची पुसट रेघ खूप लांब, मध्यावर दिसत होती. तिथे नांगरलेल्या होडीखाली नाखव्याची टोपली वाहत्या पाण्यात लोंबत असणार, हे मला तेव्हा कळलं. बिडी नव्हती ती.

मग बादलीतलंच पाणी मगात घ्यायचं, हात उंच करायचा आणि चहावाल्यासारखं वरून ओतायचं. पडताना पाण्यात हवा मिसळते. सव्वाअकरापासून मी चहावाला झालो. कमरेत वाकून, २२ खिशांचं जाकीट घालून, कुशीवर कललेल्या होडीत. मधूनमधून बॅटरी मारून निखारे मोजायचो. निखारे विझत होते. एकीने डोळ्यांदेखत अंग आडवं केलं. काचेसारखी होती, ती दहा मिनिटांत दुधासारखी पांढरी झाली. तिला बाहेर काढताना मी 'सॉरी' म्हणालो. कोणी ऐकलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

एकच्या सुमारास माझ्या हातातला मग कोणीतरी घेतला. "निजा आता. पानी आला," नाखवा म्हणाला. त्याने अर्धी बादली ओतून दिली, खालचं ताजं पाणी भरलं, आणि तसंच थोड्या थोड्या वेळाने करत बसला. मी झोपलो. इतका गाढ, की पहाटे त्याने मला पायाने हलवून उठवलं.

पहाटेचा हिशेब : माझ्या बादलीत ९, त्याच्या टोपलीत दहाच्या दहा. त्यातली एक त्याने माझ्या गळाला लावली, डोक्यावरच्या काट्यामागून, आतला काळा ठिपका वाचवून. तिथे टोचलं की ती मरते. माझ्या नऊ त्याने तशाच बाजूला ठेवल्या. म्हणाला, "दमली हायत ती." जिताडा लागला नाही. सहा वाजता गळाला जोरदार ओढ बसली, मी दोन पायांवर उभा राहिलो, फोटोची तयारी केली, आणि वर आला तो शिंगाळा. मी खाली पाहिलं तर माझ्या नऊपैकी एक मेली होती, आणि दुसऱ्या खेपेला मीच अंधारात तीच लावली होती.

उरलेल्या आठ खाडीत सोडल्या. गटावर कोणीतरी कोकमाचा फोटो टाकला होता. उत्तर दिलं नाही.

वहीतला ताळा मात्र अजून लागलेला नाही. चाळीसातली ती पहिली, साडेसातची, सापडलेली नाही. गेले तीन आठवडे आमच्या शयनगृहातल्या कपाटाला वास येतो आहे आणि घरात माझ्याशी बोलणं कमी झालं आहे. तरी कोणाला गळासाठी जाकीट हवं असल्यास फुकट देणे आहे. खिसे २२. पैकी २१ तपासले आहेत.