कप्तान आमचा, हार त्यांची

सांगवीत एक काका असतात. एक म्हणजे मोजून एक नव्हे. कृष्णा चौकात दोन, ढोरे नगरात तीन-चार, आणि पीडब्ल्यूडी मैदानाच्या कडेला संध्याकाळी तर रांगच. साठी उलटलेली, टेल्कोतून नाहीतर बजाजमधून रिटायर, अंगात कंपनीच्या सेफ्टी वीकचा टी-शर्ट, पायात मुलाने टाकून दिलेले बूट. खात्री करून घ्यायची तर समोर नुसतं 'ऋतुराज' म्हणावं. काका चहाचा ग्लास खाली ठेवतात. "एवढासा होता तेव्हापासून बघतोय मी त्याला!"

ऋतुराज गायकवाड जुन्या सांगवीचा, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला, यात वाद नाही. पण त्याला लहानपणी 'कोपर वर ठेव रे' म्हणून बजावलेल्या सगळ्या काकांची बेरीज केली, तर पोराला नेटमध्ये जायला वेळ कधी मिळाला कोण जाणे. २०२२ साली अहमदाबादला विजय हजारे करंडकात त्याने एकाच षटकात सात सिक्स मारले. काकामंडळींनी ते आपापसांत वाटून घेतले आहेत.

एवढं सुख असूनही काकांना एक ठसठस आहे. धोनी.

मार्च २०२४ मध्ये आयपीएलमधल्या चेन्नईची कप्तानी आपल्या पोराकडे आली. पण म्हातारा स्टंपमागे उभाच! पुढचं काका करून दाखवतात. स्वतः दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकतात (यात जरा वेळ जातो), मग उजव्या हाताची दोन बोटं किंचित हलवतात. "झालं! फील्डर दोन पावलं आत. आमच्या पोराने लावलेला फील्डर!" काका स्वतः गणेश मंडळाचे 'मार्गदर्शक' असून आरतीच्या वेळी मागे उभं राहून अशीच बोटं हलवतात, पण तो विषय निराळा.

खरी जखम गहुंज्याची. १ मे २०२२, महाराष्ट्र दिन, घरचं मैदान, समोर हैदराबाद. ऋतुराज नव्याण्णववर. काका सांगताना इथे थांबतात, पुन्हा एकदा 'नव्याण्णव' म्हणतात. आणि तिथेच आऊट. "आता सांग, माणसाने डोक्याला हात लावायचा की नाही? आख्खं स्टेडियम नाचायला लागलं! का? तर तिसऱ्या नंबरला धोनी येतोय. माझ्या शेजारचा तर शिट्ट्या मारत होता. चिंचवडचा होता, चिंचवडचा!" धोनीने त्या दिवशी आठ धावा केल्या. काकांना तो आकडा पाठ आहे. त्याच सामन्यात जडेजाकडून कप्तानी पुन्हा धोनीकडे आली होती आणि चेन्नई जिंकली होती, हे मात्र त्यांच्या लक्षात राहत नाही.

तेव्हा धोनीला आणखी एक वर्ष ठेवावं का, या सालाबादच्या प्रश्नावर काका 'घरी पाठवा' म्हणतील असं कुणालाही वाटेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईने त्याला चार कोटींत ठेवलं, तेही 'अनकॅप्ड' म्हणून. पाच वर्षं भारताकडून खेळला नाही की दोन वर्ल्डकप जिंकून देणाराही नवशिक्यांच्या यादीत. काका खवळले. "अरे, रिटायर झालेल्या जीएमला अप्रेंटिसच्या पगारावर घेतात का कुठे?" पुढच्या मार्चमध्ये बंगळूरविरुद्ध तो नवव्या नंबरला, अश्विनच्याही मागून बॅटिंगला आला. काकांनी टीव्ही बंद केला आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावला.

पण २०२५ च्या नोव्हेंबरात यादी आली, जडेजाला राजस्थानला देऊन विकेटकीपर संजू सॅमसनला आणलं, धोनीला मात्र ठेवलं, तेव्हा काका चक्क खूश! पोरं चक्रावली.

"काका, तुम्ही तर म्हणत होता..."

"डोकं वापर जरा. गेल्या सीझनला टीम तळाला गेली, कप्तान कोण होता?"

"ऋतुराजचं कोपर मोडल्यावर धोनी. पण त्याआधीच्या पाचपैकी चार तर ऋतुराजच हरला होता."

"तेव्हा स्टंपमागे कोण होतं?"

पोरं गप्प. काकांचा हिशोब असा सरळ आहे. जिंकलो तर कप्तान सांगवीचा, हरलो तर धोनीने सोडलं नाही म्हणून. उद्या धोनी गेला की हार थेट जुन्या सांगवीच्या पत्त्यावर येणार. मग चौकात तोंड कुणी दाखवायचं? त्यापेक्षा चार कोटी स्वस्त, आणि तेही आपल्या खिशातले नाहीत.

"गुडघे दुखतात हो त्याचे," एकाने पाचर मारली.

"बसून राहू दे डगआऊटमध्ये. नुसता दिसला पाहिजे."

"आणि खरंच गेला तर?"

काकांनी ग्लासातला उरलेला चहा संपवला, दुसऱ्याची ऑर्डर पोरांच्या नावावर दिली आणि म्हणाले, "संजू आहे की."