खड्डे बुजविणाऱ्यांचा बंदोबस्त

प्रजेने काय करावे याविषयी लोकशाहीत मतभेद असू शकतील. परंतु प्रजेने काय करू नये याविषयी कोणत्याही सुव्यवस्थित दफ्तरात कधीच मतभेद नसतो, आणि म्हणूनच हल्ली शहराशहरांतून हाती घमेले-फावडे घेऊन आपल्या दारासमोरचा खड्डा आपणच बुजवू पाहणारा जो एक वर्ग उदयास येत आहे, त्याच्याकडे जबाबदार मंडळींनी आणखी किती काळ कानाडोळा करावा, हा प्रश्न आता टाळण्यासारखा राहिलेला नाही. मोर्चा काढणारे, निवेदन देणारे, उपोषणास बसणारे यांची सरकारला सवय आहे; त्यांच्या अर्जांसाठी आवक-जावक वही आहे, शिक्का आहे, आणि चहाही आहे. परंतु कोणासही न विचारता काम उरकून, हातपाय धुऊन, निमूटपणे घरी जाणाऱ्या इसमाची नोंद कोणत्या वहीत घ्यावी याविषयी एकही परिपत्रक अद्याप निघालेले नाही.

मुंबईपुरते बोलायचे तर 1888 च्या महापालिका अधिनियमाने सार्वजनिक रस्ते महापालिकेच्या स्वाधीन केलेले आहेत. रस्ता ज्याचा, खड्डाही त्याचाच, हे कळण्यास बॅरिस्टर असावे लागत नाही. आणि परक्याच्या मालमत्तेत परवानगीवाचून खडी टाकणे हे परक्याच्या विहिरीत माती लोटण्याइतकेच गैर आहे, हेही ओघानेच आले. रस्त्यांची निगा राखणे हे याच अधिनियमाने महापालिकेचे कर्तव्य ठरविले आहे, असे काही विघ्नसंतोषी लोक निदर्शनास आणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु कर्तव्य ज्याचे, ते केव्हा बजावावे हे ठरविण्याची मुखत्यारीही त्याचीच, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

शिवाय सरकारी खड्डा म्हणजे काय चीज आहे, याची या उतावळ्या मंडळींना कल्पनाच नाही. त्यांच्या दृष्टीने तो रस्त्याला पडलेला एक खळगा. दफ्तराच्या दृष्टीने तो एक दीर्घायुषी, बहुप्रसव आणि अनेकांच्या चरितार्थाचा भार वाहणारा जीव आहे. प्रथम तक्रार दाखल होते. मग तो खड्डा कोणाच्या हद्दीतला याची चौकशी होते, कारण महापालिका, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि सार्वजनिक बांधकाम खाते यांनी आपापले रस्ते वाटून घेतलेले असताना खड्डे मात्र कित्येकदा अविभक्त कुटुंबासारखे सामाईक राहून गेलेले असतात. मग स्थळपाहणी, मग अंदाजपत्रक, मग त्यावर वरिष्ठांची मखलाशी, मग निविदा, मग कार्यादेश, मग मोजमाप पुस्तिकेतील नोंद, मग देयक, मग लेखापरीक्षकाचा आक्षेप आणि त्या आक्षेपास द्यावयाचे स्पष्टीकरण. आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी संपतो न संपतो तोच, ईश्वरकृपेने पाऊस वेळेवर आला तर, तोच खड्डा त्याच जागी पुन्हा अवतीर्ण होऊन या साऱ्या चक्रास नवी गती देतो. या पवित्र चक्रात मध्येच कोणी उपटसुंभ दोन घमेली राडारोडा आणि चार पेव्हर ब्लॉक घेऊन घुसला, आणि पाहणीस आलेल्या कनिष्ठ अभियंत्याला खड्डा जागेवर आढळलाच नाही, तर त्या बिचाऱ्याने अहवालात लिहावे तरी काय? ‘खड्डा परागंदा’ असे लिहिण्याची सोय कोणत्याच नमुन्यात नाही.

याबाबतीत मुंबईचे दादाराव बिल्होरे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. मरोळला भाजी विकणारा हा गृहस्थ. 2015 च्या जुलैमध्ये जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मोटारसायकल आदळून त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर त्यांनी काय करावयास हवे होते, हे सांगण्यास शहरात पुष्कळ जाणकार होते: तक्रार करावी, भरपाई मागावी, वर्तमानपत्रांत फोटो छापून आणावा. त्यांनी बांधकामांच्या जागेवरून उरलीसुरली खडी, विटांचे तुकडे, वाळू गोळा केली आणि दिसेल तो खड्डा बुजवू लागले; असे शेकडो खड्डे त्यांनी बुजविले. त्यांच्या या कृत्यास सरकारी शब्दकोशातला कोणता शब्द लावावा हे मला उमगत नाही, आणि थट्टेचा शब्द लावण्याचे धैर्यही माझ्यापाशी नाही. तेव्हा दफ्तराकडेच वळलेले बरे.

दफ्तर म्हणजे आकडे. 2017 साली देशभरात खड्ड्यांपायी 3,597 माणसे दगावली, त्यांत महाराष्ट्राचा वाटा 726 होता, असे केंद्रीय परिवहन खात्याची फेरिस्त सांगते. अतिरेक्यांच्या हातून मरणाऱ्यांहूनही ही संख्या अधिक असावी, असे पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयास म्हणावे लागले. अतिरेक्यांचा तळ शोधण्यासाठी हेर लागतात. खड्ड्याचा तळ शोधण्यासाठी स्कूटर पुरते. मुंबई उच्च न्यायालयाने 2025 साली तर खड्ड्यात वा उघड्या गटारात पडून मेलेल्याच्या वारसास 6 लाख रुपये, आणि नुसतेच जखमी झालेल्यास 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत, असा दरच मुक्रर करून दिला, आणि ती रक्कम कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांकडून व ठेकेदारांकडून वसूल व्हावी असेही फर्माविले. या अखेरच्या कलमाने रस्तेखात्यातील सात्त्विक वातावरण किती गढूळ झाले असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी.

खड्ड्यांचा बंदोबस्त आपणच करण्याचे हे लोण मुंबईबाहेरही पसरले आहे. हैदराबादेत गंगाधर तिलक कटनम या निवृत्त रेल्वे नोकराने आपल्या पेन्शनीतून डांबर विकत घेऊन सपत्नीक खड्डे भरण्याचे व्रत घेतले. पेन्शन कशासाठी असते हे त्याला कोणी समजावलेले दिसत नाही. बंगळुरात बादल नंजुंडस्वामी नावाच्या कलावंताने 2015 मध्ये भर रस्त्यातल्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चांगली जिवंत वाटावी अशी मगर आणून ठेवली, आणि त्यापूर्वी नागरिक पडत होते तोवर स्वस्थ असलेल्या महापालिकेने मगर पडताच तो खड्डा लगोलग दुरुस्त केला. यावरून अर्जावर तिकीट लावावे की मगर लावावी, याचा ज्याने त्याने बोध घ्यावा. परंतु खरा प्रशासकीय आदर्श पाहावयाचा तर साता समुद्रांपलीकडे गेले पाहिजे. 2023 साली अर्नोल्ड श्वार्झनेगर, म्हणजे सिनेमातला तो अजस्र बाहूंचा नट आणि क्यालिफोर्नियाचा माजी राज्यपाल, लॉस एंजेलिसमध्ये आपल्या मोहल्ल्यातला खड्डा स्वहस्ते बुजवून कृतार्थ मुद्रेने उभा राहिला. तेव्हा नगरप्रशासनाने अत्यंत शांतपणे खुलासा केला की, तो खड्डा नव्हेच, ग्यास कंपनीने रीतसर परवानगीने खणलेला तो चर आहे, आणि काम अद्याप चालू आहे. पृथ्वीच्या पाठीवर कोठेही जा, कारकुनाची जात एकच.

खड्ड्यांवरच भागते तर एकवेळ सोडून देता आले असते. पण या लोकांची मजल आता उंचवट्यांपर्यंत गेली आहे. गल्लीतले एखादे पोर मोटारीखाली येता येता वाचले की रातोरात तेथे सिमेंटचा बांध घातला जातो. शाळेसमोर पालक चुन्याचे पांढरे पट्टे ओढतात. शाळा सुटण्याच्या वेळी आजीबाई हाती शिट्टी घेऊन चौकात उभ्या राहतात, आणि नवल म्हणजे मोटारी थांबतात. वास्तविक गतिरोधक कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसने केव्हाच लिहून ठेवले आहे: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर, पृष्ठाला 17 मीटर त्रिज्येची कमान, अंगावर काळेपांढरे पट्टे, आणि 40 मीटर अगोदर इशाऱ्याची पाटी. रहिवाशांचा बांध यांपैकी एकाही मापात बसत नाही, हे उघड आहे. सरकारी गतिरोधकही बसत नाही. पण त्याच्या न बसण्यास मंजुरी असते.

तेव्हा केवळ हळहळत न बसता मी पुढील तजवीज सुचवितो. खड्डा बुजवू इच्छिणाऱ्याने विहित नमुन्यात तीन प्रतींत अर्ज करावा; सोबत खड्ड्याचा उतारा, शेजाऱ्यांचे ना-हरकत पत्र, आणि सदर खड्ड्यात आपण स्वतः किमान एकदा पडलो असल्याचा वैद्यकीय दाखला जोडावा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास अर्ज नामंजूर समजावा. आणि अर्ज न करता ज्याने खड्डा बुजविला असेल त्याने, खात्याच्या स्थळपाहणीस बाधा येऊ नये म्हणून, सात दिवसांच्या आत तो स्वखर्चाने पूर्ववत करून द्यावा. हे काम त्याला जमण्यासारखे नसेल, तर नोंदणीकृत ठेकेदाराकडून नवा रस्ता करवून घेऊन पहिल्या पावसापर्यंत वाट पाहण्याची त्यास मुभा असावी.