साडेसहा बँड म्हणजे किती टक्के? : पालक व नातेवाइकांसाठी मार्गदर्शक

घरातल्या मुलाची आयल्ट्स झाली, निकाल मोबाइलवर आला आणि त्यात ओव्हरऑल साडेसहा दिसलं, की जाणत्या मंडळींनी सर्वप्रथम "पास की नापास?" हा प्रश्न गिळावा. या परीक्षेत पास-नापास हा प्रकारच नाही. पस्तीसच्या काठावर वाढलेल्या पिढीला हे पचायला जड जाणार, पण इलाज नाही.

त्यापुढचा मोह टक्के काढण्याचा. नऊपैकी साडेसहा म्हणजे बहात्तर टक्के, अरेरे, डिस्टिंक्शन थोडक्यात हुकलं, असं हळहळू नये. बँड म्हणजे गुण नव्हेत, पायऱ्या. लिसनिंगच्या ४० प्रश्नांपैकी तिसाच्या आसपास बरोबर आले तरी सातची पायरी मिळते. शून्य मिळवायला मात्र परीक्षेलाच बसावं लागत नाही.

ओव्हरऑल ही चार विभागांची सरासरी. ती जवळच्या अर्ध्यावर नेतात, आणि इथे मराठी माणूस जन्मतः तयार असतो: सव्वासहा आले तर साडेसहा, पावणेसात आले तर सात. समजा लिसनिंग साडेसात, रीडिंग सात, स्पीकिंग साडेसहा, रायटिंग सहा. बेरीज सत्तावीस, भागिले चार, पावणेसात, निकालपत्रावर सात. पेढे आणायला हरकत नाही, पण वाटायच्या आधी विद्यापीठाचं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं. तिथे बहुधा असं असतं: ओव्हरऑल सात, आणि कुठल्याही विभागात साडेसहाच्या खाली नको. रायटिंगच्या सहाने घात केलेला असतो. आपल्याकडे इतिहासाने गणिताला सांभाळून घेतल्याची उदाहरणं घरोघर सापडतील. इथे लिसनिंग रायटिंगला हात देत नाही.

रायटिंगच का मार खातं? एका तासात दोन उत्तरं: पहिलं किमान १५० शब्दांचं, दुसरं २५० शब्दांचं, आणि दुसऱ्याचं वजन दुप्पट. आपला परीक्षार्थी आलेखातला एकेक खांब मोजण्यात अर्धा तास घालवतो आणि मग निबंधाला क्लासमध्ये पाठ केलेली सुरुवात चिकटवतो. 'आजच्या विज्ञानयुगात'चं इंग्रजी भावंड परीक्षकाने इतक्यांदा वाचलेलं असतं, की त्याला ते लांबूनच ओळखू येतं. पाठ केलेल्या मजकुराचे गुण मिळत नाहीत. गाइडवर ज्यांचं शिक्षण झालं त्यांनी ही माहिती मनाला लावून घेऊ नये.

रीडिंगमध्ये विधान खरं, खोटं की 'नॉट गिव्हन' ते ठरवायचं असतं. उताऱ्यात माहितीच दिलेली नाही, असं शांतपणे म्हणायचं. हे आपल्या संस्कृतीच्या मुळावर येतं. जी माहिती दिलेली नाही ती स्वतः पुरवणं हा आपल्याकडे शेजारधर्म आहे. लग्न ठरवणाऱ्या कुठल्याही आत्याबाईंनी आयुष्यात 'नॉट गिव्हन' हे उत्तर दिलेलं नाही.

लिसनिंग एकदाच ऐकवतात. बाई फोन नंबर सांगते, तो आपण उतरवून घेतो, आणि मग ती म्हणते, "सॉरी, शेवटी सात नाही, नऊ." घरी यासाठी सराव करायचा तर आजोबांकडून कुणाचाही पत्ता विचारून घ्यावा.

स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांचं. परीक्षक एक कार्ड सरकवतो, कागद-पेन्सिल देतो, विचाराला एक मिनिट आणि मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. विषय साधा: तुम्ही कुणाला केलेली मदत. शाळेत 'गप्प बस' ऐकत मोठा झालेला मुलगा चाळीस सेकंदांत मदत उरकतो आणि "दॅट्स ऑल, सर" म्हणून पेन्सिल परत करतो. उच्चारांचं म्हणाल तर साहेबासारखं बोलण्याची गरज नाही. बोललेलं कळलं पाहिजे.

पाहुण्यांना निकाल सांगताना युरोपीय पातळ्या वापराव्यात असं काहीजण सुचवतात. सावध राहावं. तिथे ए-वन ही सगळ्यांत खालची पातळी आणि सी-टू सर्वोच्च. सातच्या बँडला सी-वन धरतात. हे सोसायटीच्या जिन्यात समजावून सांगणं अवघड. आकडाच मोठा हवा असेल तर डुओलिंगोची परीक्षा १६० पैकी असते. पीटीईची पट्टी १० ते ९०, म्हणजे तळालाही दहा! टोफेलचे १२० पाठ केलेल्या काकांची मात्र पंचाईत झाली आहे. तिथे जानेवारी २०२६ पासून एक ते सहाची नवी पट्टी आली.

निकाल दोन वर्षं चालतो. त्यानंतर तुमचं इंग्रजी गेलं असं धरून पुन्हा फी घेतात. आकडा पटला नाही तर सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते, बँड वाढला तर तिची फी परत मिळते. संगणकावर परीक्षा दिली असेल तर एकच विभाग पुन्हा देण्याची सोयही आहे, पण ते सगळीकडे चालत नाही. आधी विद्यापीठाला विचारावं. फेरतपासणी मागताना कारण विचारलंच, तर शेजारच्याला साडेसात मिळाले हे सांगू नये. खरं असलं तरी.